सापाचं ताट

गेल्या आषाढात लोणावळ्याहून फोन आला. तुंगार्लीकडच्या एका बंगल्यातून. "गुरुजी, तीन आठवडे झाले, आमचा साप काही खात नाहीये." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो तेव्हापासून, म्हणजे तेवीस वर्षं, नाणे मावळात साप सोडवण्याचं काम करतोय. घरात साप निघालाय, गोठ्यात शिरलाय, विहिरीत पडलाय, असे फोन शेकड्यांनी घेतले. 'आमचा साप' हे शब्द मात्र पहिल्यांदाच कानावर पडले.

भर पावसात गाडी काढून गेलो. दिवाणखान्यात काचेची पेटी. आत काळ्या अंगावर दुधी पट्टे असलेला, हातभर लांबीचा एक देखणा साप. अमेरिकेतला किंगस्नेक. बारा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला मुंबईत विकत घेतलेला. पेटीत एका कोपऱ्यात उकडलेल्या अंड्याचं अर्धुक, दुसऱ्या कोपऱ्यात कोंबडीच्या मांसाचे तुकडे आणि मधोमध स्टीलच्या वाटीत दूध. दूध घरातल्या आजींनी ठेवलं होतं, हात जोडून. मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, याला काय आवडतं?"

या प्रश्नाने मी त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. पोराने विचारलं ते बरोबरच होतं. पण त्या घरात तीन पिढ्या उभ्या होत्या आणि साप काय खातो हे एकालाही ठाऊक नव्हतं. बंगल्याच्या कुंपणापलीकडे भाताची खाचरं होती. त्या खाचरात त्याच क्षणी किती साप जेवत असतील!

आधी त्या पाहुण्याचं सांगतो. किंगस्नेक उत्तर अमेरिकेतला, बिनविषारी, विळखा घालून भक्ष्य मारणारा साप. तो दुसरे साप खातो म्हणून त्याला राजा म्हणतात. तिथल्या विषारी रॅटलस्नेकचं विष त्याला सहसा बाधत नाही. किंगस्नेक समोर आला की रॅटलस्नेक दंश करण्याऐवजी अंगाची कमान उंचावून त्याला ढकलायला बघतो, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. रानात हा साप उंदीर, सरडे, पाली, पक्ष्यांची पिल्लं, अंडी असं जे हाती लागेल ते खातो. आज सरडा, परवा उंदीर, आठ दिवसांनी एखादा साप. प्रत्येक घासासाठी त्याला भटकावं लागतं, बिळं हुंगावी लागतात.

पेटीतल्या किंगस्नेकला आयुष्यभर एकच पदार्थ मिळतो. उंदीर. जाणकार पाळणारे गोठवलेले पांढरे उंदीर आणतात, पूर्ण वितळवतात, कोमट करतात आणि चिमट्याने पुढे धरतात. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनी एकदा. जिवंत उंदीर पेटीत सोडायचा नाही, तो सापालाच कुरतडतो. दोन किंगस्नेक एकत्र ठेवायचे नाहीत, एक दुसऱ्याला गिळतो. अख्ख्या उंदरात हाडं, काळीज, आतडी सगळं येतं, म्हणून सापाचं पोषण त्यावर चांगलं होतं. कोंबडीच्या तुकड्यावर होत नाही. नीट निगा राखली तर हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो. हे सगळं मला पुण्यातल्या एका पशुवैद्य मित्राने फोनवर समजावलं आणि शेवटी विचारलं, "पेटीत ऊब आहे का?"

नव्हती. आषाढातलं लोणावळं. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल सुटते. सापाचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. पोटातलं पचवायला ऊब नसेल तर तो तोंड उघडत नाही, कारण न पचलेला घास त्याच्या पोटातच सडेल. त्या मुक्या जिवाला हे कळत होतं. आम्ही पेटीच्या एका बाजूला उबेची सोय केली, तापमापक लावला, दूध-अंडं बाहेर काढलं. नवव्या दिवशी मुलाचा फोन आला, "आजोबा, त्याने खाल्लं!" मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी निघताना मुलाच्या वडिलांनी मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, नाहीच जमलं तर मागच्या जंगलात सोडून देऊ का?"

हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहितोय. सापाला काय खायला घालायचं, ही चिंता आपण वाहायची नसते. सापाचं ताट त्याच्या जमिनीत असतं. त्या जमिनीतून त्याला उचललं तरी आपण चुकतो, त्याच्या ताटात परका साप आणून बसवला तरी चुकतो आणि ते ताटच उधळून लावलं तरी चुकतो. मावळात आज ही तिन्ही कामं चालू आहेत.

मावळातलं ताट कसं आहे ते बघा. जूनचा पाऊस पडून खाचरं भरली की बेडूक बोलू लागतात. त्या बेडकांवर विरोळा जगतो, नानेटी जगते, हिरवा गवत्या जगतो. घराच्या भिंतीवर दिव्याखाली पाली जमतात. त्यांच्यामागे कवड्या येतो आणि बिचारा मण्यार समजून मारला जातो. झाडावर हरणटोळ सरडे टिपतो. वाळा मातीत मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. खंडाळा-लोणावळ्याच्या ओल्या मातीत खापरखवल्या गांडुळांवर जगतो. पावसात तो रस्त्यावर येतो आणि पर्यटकांच्या गाड्यांखाली जातो. घोणस मोठी झाली की उंदरांवर, घुशींवर असते, तिची पिल्लं मात्र पाली-सरड्यांवर वाढतात. नागाला उंदीर, बेडूक, अंडी, दुसरे साप असं सगळं चालतं. आणि आपल्याकडे साप खाणारा साप बघायचा असेल तर अमेरिकेला जायला नको. मण्यार आहे. कामशेतजवळ एका पडक्या भिंतीत मी मण्यारीला अर्धा कवड्या गिळलेल्या अवस्थेत पाहिलंय. मी तिथून मागे सरलो आणि घरच्यांना सांगितलं, तासभर थांबा, तिचं जेवण होऊ द्या.

सह्याद्रीत खाली दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग-गोव्याच्या बाजूला, नागराज आहे. तो जवळजवळ सापच खातो, धामण हे त्याचं आवडतं भक्ष्य. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातला नागराज ही वेगळी जात असल्याचं मांडलं आणि तिला 'कालिंगा' असं नाव दिलं. तिकडे वर्ध्यात २००३ साली अंडीखाऊ साप पुन्हा सापडला. पक्ष्यांची अंडी हेच त्याचं खाणं, त्यासाठी त्याच्या घशात मणक्यांची टोकं असतात. एवढी वेगवेगळी ताटं निसर्गाने मांडून ठेवली आहेत. त्यांतल्या एकातही दूध नाही.

दुधाचं बोलायलाच हवं. साप हा सस्तन प्राणी नाही, दूध त्याला पचत नाही. लहानपणी नागपंचमीला आमच्या दारात गारुडी यायचा आणि नाग दूध पितो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामागचं खरं पुढे कळलं. नागाचे दात उपटलेले असतात, कित्येकदा तोंडही शिवलेलं असतं. कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंब दिलेला नसतो. तहानेने कासावीस झालेला जीव समोर जे ओलं दिसेल त्यात तोंड घालतो. दूध फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो आणि सणानंतर काही दिवसांत तो मरतो. आपण पुण्य समजून त्याचा जीव घेतो. न्यायालयाच्या आदेशानंतर शिराळ्यातली जिवंत नागांची पूजा थांबली. गावोगावचे गारुडीही कमी झाले. पण वाटी गेली नाही. ती त्या बंगल्यातल्या काचेच्या पेटीत मला भेटली.

खरं तर आपल्या सणात फार मोठं शहाणपण आहे. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, विळी-चाकूने काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. माझी आई त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडायची आणि तात्या बैल सोडून बसायचे. नांगराखाली नागाची पिल्लं गेली, ही कहाणी आम्ही दरवर्षी ऐकायचो. पावसाळ्यात नागाची पिल्लं अंड्यांतून बाहेर आलेली असतात. सणाने आपल्याला सांगितलं होतं, या दिवसांत त्यांची जमीन विस्कटू नका. त्यांना जेवू घाला असं त्या सणाने कधी सांगितलं नव्हतं. आपण जमिनीचं विसरलो आणि दुधाचं लक्षात ठेवलं.

मी शेतकरीही आहे. माझं दीड एकर भात आहे, इंद्रायणी. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. मावळाची ओळख आज या तांदळावर आहे. तो तांदूळ घरात येण्याआधी त्यावर पहिला हक्क सांगतो उंदीर. लोंब्या भरल्या की तो धाटं कापतो आणि बिळात ओढून नेतो. सुगीनंतर आमच्याकडचे कातकरी बांधव बांधावरची बिळं उकरतात. त्यांना उंदीर मिळतो आणि आत साठवलेलं भातही मिळतं. एकाच बिळातून पायलीभर भात निघालेलं मी पाहिलंय. हा उंदीर नुसतं भात खात नाही, त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि आपण अनवाणी चिखलात लावणी करतो.

या उंदरामागे बिळात कोण शिरू शकतं? घुबड बाहेर वाट बघतं, मांजर बाहेर बसतं. धामण आत जाते आणि पिलांसकट घरटं साफ करते. एकदा गोवित्रीच्या बाजूला गंजीतून मी सात फुटी धामण काढली. पिशवीत घातल्यावर घाबरून तिने पोटातलं ओकून टाकलं, चार उंदीर. मी ते तिथल्या शेतकऱ्यासमोर ओळीने मांडले. तो मघाशी काठी घेऊन उभा होता. त्याने काठी खाली ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, हिला माझ्याच बांधावर सोडा." एवढं चांगलं व्याख्यान मी तीस वर्षांच्या नोकरीत दिलं नाही.

१९८७ साल मला आणखी एका गोष्टीसाठी आठवतं. त्याच वर्षी सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. परदेशातल्या ताटासाठी आपल्या खाचरांतले बेडूक गोळा केले जात होते, त्यामुळे पिकावरची कीड वाढेल हे उशिरा का होईना लक्षात आलं. एक घास उचलला की सगळी पंगत विस्कटते, हे देशाचं एकदा शिकून झालंय.

पण मावळात ते ताट रोज उचललं जातंय. खाचरं बुजवून भूखंड पाडले जातात. बांधावरची करवंदं-निरगुडी साफ करून सिमेंटच्या भिंती उठतात. बंगल्यांच्या बागांना नायलॉनची जाळी लावतात, त्यात धामणी अडकून उन्हात तडफडून मरतात. अशा कित्येक धामणी मी कात्रीने सोडवल्यात, काहींचं कातडं हाडापर्यंत कापलेलं. उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकतात, तो झिंगलेला उंदीर साप किंवा घुबड उचलतं आणि विष पुढे जातं. आणि शनिवार-रविवारी लोणावळ्यात जी गर्दी येते तिचं उरलेलं अन्न रस्त्याकडेला, धबधब्यांच्या वाटांवर पडतं. त्यावर घुशी पोसतात, घुशींमागे घोणस येते. मग फोन येतो, "आमच्या दारात साप आला." साप तुमच्या दारात तुमच्यासाठी येत नाही. तुम्ही तिथे त्याचं ताट वाढून ठेवलेलं असतं.

सापाची भीती मी खोटी मानत नाही. माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावून गेला. पंधरा वर्षं झाली, त्याची हजेरीपटावरची जागा मला अजून आठवते. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलाय. म्हणूनच सांगतो, साप काय खातो हे कळणं ही जीव वाचवणारी माहिती आहे. धान्य झाकलेलं असेल, खरकटं उघडं नसेल, लाकडं-पेंढा घराला टेकून नसेल तर उंदीर येत नाही आणि उंदीर नाही तिथे साप थांबत नाही. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर मांत्रिकाकडे नको, थेट सरकारी दवाखान्यात जा.

आता त्या प्रश्नाकडे येतो. मागच्या जंगलात सोडून देऊ का?

अटलांटिक महासागरात ग्रान कनारिया नावाचं स्पेनचं बेट आहे. तिथे मुळात साप नव्हतेच. कुणीतरी पाळलेले किंगस्नेक सुटले किंवा सोडले गेले. १९९८ च्या सुमारास ते रानात दिसू लागले. आज तिथे त्यांची मोठी पैदास झालीय आणि सरकार दरवर्षी माणसं लावून ते पकडतंय. त्या बेटाशिवाय जगात कुठेही मूळ वस्ती नसलेला एक मोठा सरडा तिथे राहतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की किंगस्नेक पसरलेल्या भागात त्या सरड्यांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. त्या सरड्यांना या शत्रूची ओळखच नव्हती. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव म्हणून गेलेल्या ब्रह्मदेशी अजगरांनी सोबत आशियातला परजीवी नेला आणि तो तिथल्या सापांच्या फुप्फुसात शिरला.

किंगस्नेक मावळाच्या पावसात तगेल की मरेल? हा प्रयोग करून बघण्यासाठी सह्याद्री नाही. मेला तर एका जिवाची हत्या आपल्या माथी. तगला तर आपल्या खापरखवल्याचं, पालींचं, कवड्याचं काय होईल ते ग्रान कनारियाने दाखवलंय.

कायद्याची एक फट इथे आहे. आपल्या इथला नाग, धामण, घोणस, मांडूळ असा कुठलाही साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. परदेशी प्राण्यांसाठी २०२२ ची दुरुस्ती आली, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. पण ती सक्ती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या प्राण्यांपुरती आहे. बॉल पायथन त्या यादीत आहे, किंगस्नेक नाही. म्हणजे हा साप कोणी विकला, कोणी घेतला, पुढे तो कुठे गेला, याची नोंद ठेवण्याची सक्ती त्या नियमांत नाही. माझी मागणी सरळ आहे. यादीत असो वा नसो, परदेशी सापाची प्रत्येक विक्री नोंदवली जावी. विकणाऱ्याने तो परत घेण्याची हमी लिहून द्यावी. आणि ज्यांना निभत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्यात एक ठिकाण असावं, जिथे कोणतीही चौकशी मागे न लागता साप जमा करता येईल. शिक्षेच्या भीतीने लोक अंधारात सोडून देतात, तसं होता कामा नये.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, "सोडायचा नाही. पंधरा वर्षं सांभाळा, नाहीतर मला बोलवा." त्यांनी मान डोलावली. मुलाला मी सुट्टीत माझ्या बांधावर बोलावलं. तो आला. दोन तास आम्ही लांब बसून एक विरोळा बेडूक धरताना पाहिला. तो म्हणाला, "आजोबा, याला कुणी काही द्यावंच लागत नाही."

नागपंचमी जवळ आली की माझी गावातल्या आणि बंगल्यांतल्या सगळ्यांना हात जोडून विनंती असते. बांधाची एक बाजू तशीच राहू द्या. विषाच्या वड्या टाकू नका. जाळी काढून दगडाचा गडगा घाला. साप दिसला तर लांब उभे राहा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पेटीतला साप रानात सोडू नका आणि रानातला साप पेटीत घालू नका. वाटीतलं दूध घरातल्या लेकराला द्या.